जुना पीसी पुन्हा चालू करताना

आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर १२ ऑगस्ट १९८१ रोजी बाजारात आणला. त्यात इंटेलचा ८०८८ प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्‌झ वेगाने चालायचा आणि सगळ्यात स्वस्त मॉडेलला मेमरी होती फक्त १६ केबी. त्या घराण्यातली यंत्रं आज चाळीस वर्षांची झाली, तरी साफसफाई करून आणि दोन-चार सुटे भाग बदलून ती पुन्हा चालतात. याचं कारण त्यांच्या रचनेत आहे. चिप मोठ्या, पाय मोजता येतील असे, बऱ्याचशा सॉकेटमध्ये बसवलेल्या. आयबीएमने तर सर्किटचे नकाशे आणि यंत्र सुरू करणाऱ्या बायोसचा संपूर्ण प्रोग्राम तांत्रिक पुस्तिकेत छापून विकला होता. हातात मल्टिमीटर आणि सोल्डरिंग आयर्न असलेल्या माणसाला अशा बोर्डावरचा दोष शोधता येतो. आजच्या लॅपटॉपच्या बाबतीत हे जवळजवळ अशक्य आहे.

जुने कॉम्प्युटर जमवणं आणि दुरुस्त करणं हा छंद त्यातून वाढला. अमेरिका आणि युरोपात त्याला मोठी परंपरा आहे. इंग्लंडमध्ये केंब्रिजला आणि ब्लेचली पार्कला जुन्या कॉम्प्युटरांची संग्रहालयं आहेत. आपल्याकडे हौशी मंडळी थोडी आहेत, पण काम भरपूर आहे. आपल्या जुन्या यंत्रांत नुसतं लोखंड आणि प्लास्टिक नाही, मराठी मजकूरही अडकलेला आहे. यंत्र आणि मजकूर हे दोन्ही वाचवायचे, अशा हिशेबाने हा लेख लिहिला आहे.

कोणतं यंत्र घ्यावं

ॲपल-१ सारखी यंत्रं विसरून जावीत. १९७६ साली ती जेमतेम दोनशेच्या आसपास बनली आणि आता लिलावात लाखो डॉलरना जातात. १९७७ चे ॲपल-२, कमोडोर पेट आणि टीआरएस-८० हे परदेशी संग्राहकांचे लाडके. पाश्चात्त्य संग्राहक बहुधा लहानपणी घरात होतं तेच यंत्र शोधतो. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात घरात कॉम्प्युटर असणारी कुटुंबं फार थोडी. यंत्रं होती ती शाळांत, बँकांत, छापखान्यांत, सीएच्या ऑफिसात आणि कॉम्प्युटर क्लासमध्ये.

शाळांमध्ये आली ती बीबीसी मायक्रो. भारत सरकारने १९८४ मध्ये शाळांसाठी 'क्लास' प्रकल्प सुरू केला तेव्हा हेच ब्रिटिश यंत्र निवडलं, आणि मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्सने त्याची 'युनिकॉर्न' नावाची भारतीय आवृत्तीही काढली. हौशी घरांत पोचला तो सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम. त्याची स्पेक्ट्रम प्लस ही आवृत्ती डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन 'डीबी स्पेक्ट्रम' म्हणून इथे विकली. आणि नोव्हेंबर १९८४ च्या नव्या कॉम्प्युटर धोरणानंतर बाहेरून सुटे भाग आणून जोडलेल्या पीसी क्लोनची, म्हणजे आयबीएमच्या पीसीच्या नकलांची, लाट आली.

नवख्याने २८६ ते ४८६ या प्रोसेसरांच्या पिढीतला क्लोन घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. त्याचे सुटे भाग एकमेकांना चालतात, माहिती सहज मिळते, आणि चूक झाली तरी दुर्मिळ वस्तू गमावल्याचं दुःख होत नाही.

मिळतात कुठे

पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार, जो बुधवारी आणि रविवारी भरतो; मुंबईत चोरबाजार आणि लॅमिंग्टन रोडच्या गल्ल्या. पण इथे आता अख्खं यंत्र क्वचितच दिसतं. मदरबोर्ड किलोवर विकले जातात आणि जुने सिरॅमिक प्रोसेसर त्यांच्या पायांवरच्या सोन्यासाठी उचलले जातात. त्यापेक्षा ओळखीच्या छापखान्यात, बंद पडलेल्या टायपिंग क्लासमध्ये किंवा माळ्यावर चौकशी करावी. शाळा आणि सरकारी कचेऱ्यांमधली यंत्रं डेडस्टॉक रजिस्टरवर असतात. रीतसर निर्लेखन झाल्याशिवाय आणि तसं लेखी मिळाल्याशिवाय ती उचलू नयेत, शिपाई कितीही 'घेऊन जा' म्हणाला तरी.

घेताना कीबोर्ड आणि मॉनिटरही सोबत मागून घ्या. एक्सटी (८०८८ चा पीसी) आणि एटी (२८६ आणि पुढचे) या दोन्ही कीबोर्डांचा पाच पिनांचा गोल प्लग सारखाच दिसतो, पण एकाचा कीबोर्ड दुसऱ्याला चालत नाही. काहींच्या पोटाशी एक्स आणि ए असं लिहिलेला छोटा स्विच असतो, तो बघून घ्यावा. मॉनिटरचा प्लग नऊ पिनांचा असेल तर तो व्हीजीएच्या आधीचा. नऊ पिनांमध्येही प्रकार आहेत, आणि चुकीच्या कार्डाला जोडला तर मॉनिटर कायमचा बिघडू शकतो. त्यामुळे मूळ कार्ड आणि मूळ मॉनिटर यांची ताटातूट करू नये.

आणल्याबरोबर प्लग लावायचा नाही

या छंदात सर्वाधिक नुकसान पहिल्या मिनिटात होतं. यंत्र घरी येतं, उत्सुकता असते, 'चालतंय का बघू' म्हणून स्विच दाबला जातो. वीस वर्षं बंद असलेल्या यंत्राला एकदम २३० व्होल्ट देणं म्हणजे दुरुस्त होऊ शकणारा बोर्ड जाळणं.

आधी झाकण उघडा. आतल्या प्रत्येक बाजूचे फोटो काढा. कोणतं कार्ड कोणत्या स्लॉटमध्ये, कोणती केबल कुठल्या दिशेने, केबलची लाल कड कोणत्या बाजूला, हे सगळं फोटोत आलं पाहिजे. नंतर मऊ ब्रशने धूळ काढा. कोकणातल्या आणि मुंबईतल्या यंत्रांत झुरळांची घाण आणि पालीची अंडी हमखास सापडतात. त्या घाणीने पत्रा आणि पिना गंजतात, म्हणून ती पुसून काढावीच लागते.

बॅटरी: खरा शत्रू

२८६, ३८६ आणि ४८६ च्या बऱ्याच बोर्डांवर कीबोर्डच्या सॉकेटजवळ पिंपाच्या आकाराची एक छोटी बॅटरी सोल्डर केलेली असते, बहुधा निळ्या वेष्टनातली, ३.६ व्होल्टची, निकेल-कॅडमियम जातीची. घड्याळ चालू ठेवणं आणि सेटअप लक्षात ठेवणं एवढंच तिचं काम. जुनी झाली की ती पाझरते. आतला द्रव अल्कधर्मी असतो आणि तो बोर्डावरच्या हिरव्या लेपाखालून तांब्याच्या रेघांमधून सरकत जातो. वरून बघाल तर बॅटरीच्या टोकांशी पांढरी-हिरवी पूड, शेजारच्या चिपच्या पायांवर काळपटपणा आणि तांब्याच्या रेघा काळ्या-हिरव्या झालेल्या. कीबोर्डचं सॉकेट, बायोसची चिप आणि जवळचे विस्तार स्लॉट हे पहिले बळी. 'कीबोर्ड चालत नाही' अशी तक्रार असलेल्या बोर्डात आधी इथेच बघावं.

उपाय ठरलेला आहे. बॅटरी आधी कापून काढा, ती मेलेली असो वा नसो. मग पांढरं व्हिनेगर जुन्या टूथब्रशने त्या जागेवर लावा. अल्कधर्मी क्षार मरतात, बारीक बुडबुडे येतात. लिंबाचा रस वापरू नये, त्यातला गर आणि साखर बोर्डावर चिकटून राहते. नंतर डिस्टिल्ड वॉटरने धुवा, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवा आणि पंख्याखाली सावलीत दोन दिवस पूर्ण वाळू द्या.

त्यानंतर मल्टिमीटर बझरवर ठेवून एकेक ट्रॅक तपासायचा. एक टोक चिपच्या पायाला, दुसरं ट्रॅक जिथे पोचतो तिथे. बीप आला तर ट्रॅक शाबूत. नाही आला तर वरचा लेप ब्लेडने हलकेच खरवडून तांबं कुठे खाल्लं गेलं ते शोधायचं आणि केसासारख्या बारीक तारेने ती दोन टोकं जोडायची. संध्याकाळच्या संध्याकाळी यात जातात, पण या छंदातलं मला सर्वाधिक समाधान देणारं काम हेच आहे. मेलेला म्हणून टाकलेला बोर्ड अशा तीन-चार तारांनी जिवंत होतो.

नवी बॅटरी बसवताना पुन्हा त्याच जातीची लावू नका. सीआर २०३२ हा घड्याळाचा लिथियम सेल होल्डरमध्ये घालून, वायरने बोर्डापासून लांब ठेवा. मधे एक डायोड हवाच. मूळ बॅटरी चार्ज होणारी असल्यामुळे बोर्ड तिकडे करंट पाठवतो, आणि लिथियम सेल चार्ज झाला तर फुटू शकतो. काही बोर्डांवर बॅटरी डॅलस कंपनीच्या जाड काळ्या चिपच्या पोटातच असते. ती पाझरून बोर्ड खात नाही, फक्त संपते. जुन्या मॅकिंटॉशमधल्या लिथियम बॅटऱ्याही फुटून अख्खं यंत्र गंजवतात, तेव्हा त्या पहिल्याच दिवशी काढाव्यात.

पॉवर सप्लाय

एसएमपीएस, म्हणजे पीसीचा पॉवर सप्लाय, उघडणार असाल तर एक आकडा लक्षात ठेवा: २३० व्होल्टचं रेक्टिफिकेशन झाल्यावर मोठ्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठतं, आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ तिथेच राहतं. ज्याला हे काम येत नाही त्याने टीव्ही दुरुस्त करणाऱ्या जुन्या मेकॅनिककडे जावं. जुन्या टीव्हीच्या आणि मॉनिटरच्या पिक्चर ट्यूबच्या बाबतीत तर हा सल्ला दुप्पट लागू. तिथे व्होल्टेज हजारांत असतं.

बीबीसी मायक्रो, ॲपल-२ अशा यंत्रांच्या सप्लायमध्ये 'रिफा' छापाचे कागदी कपॅसिटर असतात. त्यांचं पारदर्शक पिवळसर कवच वर्षांनुवर्षं तडकत जातं, आत दमट हवा शिरते, आणि वीज मिळताच ते फुटून घरभर उग्र वासाचा धूर होतो. आपल्या पावसाळी हवेत तर त्यांचा भरवसाच नाही. तडा दिसो न दिसो, बदलून टाका. आयबीएम पीसी आणि एक्सटीच्या बोर्डावर टँटलमचे थेंबासारखे कपॅसिटर असतात. ते शॉर्ट झाले की सप्लाय सुरूच व्हायला नकार देतो, आणि माणूस उगाच सप्लायला दोष देत बसतो.

पहिल्यांदा वीज देताना आपल्या मेकॅनिकांची जुनी युक्ती वापरा: सीरिज बोर्ड. शंभर वॅटचा तारेचा बल्ब सप्लायच्या सीरिजमध्ये जोडायचा; एलईडी चालणार नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भगभगीत पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. शॉर्टमधला जास्तीचा करंट बल्बने अडवलेला असतो, म्हणून बाकीचे भाग वाचतात.

एटी जातीच्या सप्लायमधून मदरबोर्डकडे पी-८ आणि पी-९ असे दोन सारखे दिसणारे प्लग जातात. ते शेजारी-शेजारी बसतात आणि उलटेही बसू शकतात. दोन्ही प्लगच्या काळ्या वायरी मधोमध एकमेकींना लागून आल्या पाहिजेत. उलट लावले तर बोर्ड जातो. शिवाय एटीच्या पुढच्या पॅनलवरच्या स्विचपर्यंत थेट घरातली २३० व्होल्टची वायर आलेली असते, हे झाकण उघडं ठेवून काम करताना विसरू नका. आणि अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेलं यंत्र असेल तर मागचा ११५/२३० चा स्विच आधी बघा. तो नसेल तर ट्रान्सफॉर्मर लागेल.

पहिला बीप

सगळं ठीक असेल तर पीसी मेमरी मोजतो आणि एकदा छोटासा बीप देतो. तो नाही आला तर सगळी कार्डं काढा, फक्त मेमरी आणि डिस्प्ले कार्ड ठेवा, मेमरीच्या पट्ट्या आणि सॉकेटमधल्या चिप काढून पुन्हा दाबून बसवा. सॉकेटच्या पिनांवरचा गंज एवढ्यानेही घासला जातो.

एक्सटीवर डॉस चालू झालं की तारीख १ जानेवारी १९८० दिसते, कारण त्याला मूळचं बॅटरीवरचं घड्याळच नव्हतं. २८६ आणि पुढच्या यंत्रांत मात्र बॅटरी गेली की हार्ड डिस्कची मापंही विसरली जातात आणि चांगली डिस्कसुद्धा सापडत नाही. ही मापं, म्हणजे सिलिंडर, हेड आणि सेक्टर, डिस्कवरच्या कागदावर बहुधा हाताने लिहून ठेवलेली असतात. सीगेटच्या एसटी-२२५ या त्या काळच्या लोकप्रिय २० एमबी डिस्कचं उदाहरण: ६१५ सिलिंडर, ४ हेड, १७ सेक्टर, सेटअपमध्ये टाइप २. तो कागद जपा, त्याचा फोटो काढा. एमएफएम पद्धतीने लिहिणाऱ्या अशा जुन्या डिस्क आणि त्यांचं कंट्रोलर कार्ड ही जोडी असते. कार्ड बदललं तर डिस्कवरचा मजकूर वाचता येईलच असं नाही.

डिस्क फिरली की त्याच दिवशी तिची संपूर्ण प्रत काढा, खेळणं नंतर. रोजच्या वापराला कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड ॲडाप्टरने लावावं आणि मूळ डिस्क विसाव्याला ठेवावी.

फ्लॉपी आणि बुरशी

फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालण्याआधी उजेडात धरून तिच्या खिडकीतून बघा आणि हाताने फिरवत पूर्ण चक्कर तपासा. पांढरे ठिपके किंवा जाळी दिसली तर ती बुरशी आहे. किनारपट्टीवरच्या संग्रहात ती हमखास असते. अशी फ्लॉपी तशीच घातली तर हेडवर चिकटा बसतो, चुंबकीय थर खरवडला जातो, आणि पुढची चांगली फ्लॉपीही त्याच हेडने ओरखडली जाते. बाहेरचं पाकीट कडेने कापून चकती बाहेर काढतात, आयसोप्रोपिलने हळुवार पुसतात, वाळवतात आणि दुसऱ्या पाकिटात घालून एकदाच वाचतात.

वाचण्याआधी लिहिणं बंद करा. साडेतीन इंची फ्लॉपीची खिडकी उघडली की लिहिणं बंद होतं. सव्वापाच इंची फ्लॉपीला उलट, खाच चिकटपट्टीने झाकावी लागते. तसंच ३६० केबीची फ्लॉपी १.२ एमबीच्या ड्राइव्हमध्ये वाचायला हरकत नाही, लिहू मात्र नये. त्या ड्राइव्हचा हेड अरुंद असल्यामुळे त्याने लिहिलेलं मूळ ड्राइव्हला नीट वाचता येत नाही.

यूएसबीला लागणारे फ्लॉपी ड्राइव्ह साडेतीन इंचांचेच असतात. मोठ्या फ्लॉपींसाठी जुना ड्राइव्ह आणि ग्रीझवीझल किंवा क्रायोफ्लक्स यांसारखा छोटा बोर्ड लागतो. तो फाइल न वाचता चकतीवरचे चुंबकीय बदलच टिपून घेतो, त्यामुळे अर्धवट खराब सेक्टरवरही नंतर शांतपणे काम करता येतं.

देवनागरी मजकूर कसा वाचवायचा

मराठी माणसाने या छंदात सर्वांत जास्त लक्ष इथे द्यावं असं मला मनापासून वाटतं. डॉसच्या पडद्यावर देवनागरी दिसायची ती जिस्ट कार्डामुळे. त्याचं मूळ संशोधन आयआयटी कानपूरचं, पुढे पुण्याच्या सी-डॅकने ते वाढवलं. स्लॉटमध्ये हे कार्ड बसवलं की मूळचा इंग्रजी प्रोग्रामसुद्धा देवनागरी दाखवू लागे. मजकूर साठवला जाई तो इस्की संकेतात. हा संकेत १९९१ मध्ये भारतीय मानक झाला. त्यात पहिली १२८ स्थानं इंग्रजीची आणि वरची भारतीय लिप्यांची. म्हणून कार्ड नसलेल्या पीसीवर तीच फाइल उघडली तर अनोळखी अक्षरं आणि चिन्हं यांचा गोंधळ दिसतो, आणि फाइल बिघडली असं समजून लोक ती पुसून टाकतात. ती बिघडलेली नसते. इस्कीतून युनिकोडमध्ये नेणं तुलनेने सरळ आहे, कारण दोन्हींत अक्षरांची मांडणी उच्चारानुसारच आहे.

विंडोज आल्यावर छापखान्यांत श्री-लिपी, आकृती, आयएसएम यांसारखी सॉफ्टवेअर आली. त्यांच्या फाइलमध्ये वर्णांचे संकेत नसून फाँटमधल्या तुकड्यांचे क्रमांक असतात: काना वेगळा, वेलांटी वेगळी, अर्धं अक्षर वेगळं. तो नेमका फाँट नसेल तर मजकूर वाचता येत नाही. म्हणून अशा यंत्रातून फक्त लेख उचलू नका. फाँटचा फोल्डर, मूळ सीडी किंवा फ्लॉपी आणि प्रिंटरच्या पोर्टला लावलेला छोटा हार्डवेअर लॉकही घ्या. तो लॉक टाकाऊ प्लगसारखा दिसतो आणि भंगारात सर्वांत आधी जातो. त्याच्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नाही.

भंगारातल्या बोर्डांमध्ये जिस्ट कार्ड दिसलं तर किंमत न करता घ्यावं. अशा कार्डासह चालणारा पीसी हा मराठी टंकलेखनाच्या इतिहासाचा चालता पुरावा आहे.

स्पेक्ट्रमबद्दल थोडं

१९८२ च्या एप्रिलमध्ये आलेला हा छोटा कॉम्प्युटर दुरुस्तीला सोपा, पण एका गोष्टीत घातक. त्याच्या ९ व्होल्टच्या ॲडाप्टरची मधली पिन निगेटिव्ह असते, बाजारातल्या बहुतेक ॲडाप्टरची पॉझिटिव्ह. ध्रुव न तपासता लावला तर आतले भाग जळतात. कीबोर्डखालची पातळ प्लास्टिकची पट्टी वाळून तुटलेली असणारच. नवी बनवून मिळते. चित्र टीव्हीच्या यूएचएफ ३६ व्या चॅनलवर येतं, आणि आजच्या टीव्हीवर ते शोधणं कटकटीचं होतं, म्हणून मॉड्युलेटर टाळून सरळ व्हिडिओ बाहेर काढण्याचा छोटा बदल लोक करतात. तो पूर्ववत करता येतो, त्यामुळे मला मान्य आहे. कॅसेट असतील तर आधी टेपरेकॉर्डरचा पट्टा बदला, हेड पुसा आणि मग आवाज कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून ठेवा.

पिवळं पडलेलं प्लास्टिक

आग लागू नये म्हणून जुन्या प्लास्टिकमध्ये ब्रोमिनयुक्त रसायनं मिसळत. ऊन आणि उष्णतेने ते पिवळं पडतं. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवलं तर रंग उजळतो, पण डागाळण्याचा धोका असतो, आपल्या मे महिन्याच्या उन्हात कवच वाकू शकतं, आणि काही वर्षांत ते पुन्हा पिवळं पडतं. माझ्या मते साबणाच्या पाण्याने धुवावं आणि पिवळेपणा राहू द्यावा. त्यावरचे मालमत्ता क्रमांक, शाळेचं नाव, विक्रेत्याचं लेबल तर मुळीच काढू नये. यंत्र कुठून आलं हे सांगणारा तेवढाच कागद उरलेला असतो.

भंगारवाल्याला हाक मारण्याआधी

पावसाळ्यात यंत्रं जमिनीपासून उंच, सुती कापडाखाली आणि सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावीत. प्लास्टिकच्या पिशवीत बांधली तर आतच ओल धरते. दर दोन-तीन महिन्यांनी तासभर चालवावीत.

तुमच्या छापखान्यात, वाचनालयात, साप्ताहिकाच्या कचेरीत किंवा संस्थेच्या कपाटात असा एखादा पीसी पडून असेल तर एवढंच करा. तो चालू करू नका. आतली बॅटरी कोणाकडून तरी कापून घ्या. फ्लॉपी, लॉक आणि मूळ डिस्क एका डब्यात ठेवून डब्यावर यंत्राचं नाव लिहा. आणि हार्ड डिस्कची प्रत निघेपर्यंत तो पीसी भंगारात देऊ नका.